पर्जन्यमापक, फोन आणि पस्तीस गुण

(स्नेहमेळाव्याच्या सकाळच्या सत्रात केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून वक्त्याने थोडंफार नीट केलेलं.)



काल रात्री जेवताना संयोजकांनी फर्मान काढलं, "तू मास्तर आहेस, तू शिक्षणावर बोल, पण वीसच मिनिटं." मास्तराला वीस मिनिटांत थांबवणं किती अवघड असतं हे पहिल्या रांगेत बसलेल्यांना चांगलं ठाऊक आहे. तरी प्रयत्न करतो.

बोलायचं कारण एकच आहे. आपण सगळ्यांनी मिळून शाळेला डिजिटल फळा द्यायचं ठरवलंय. पैसे जमलेत, कोटेशन आलंय. मी त्याला विरोध करायला उभा नाही, माझीही वर्गणी त्यात आहे. पण गेली सत्तावीस वर्षं मी दुष्काळी भागातल्या एका माध्यमिक शाळेत गणित-विज्ञान शिकवतोय. फळा, प्रोजेक्टर, टॅब, फोन यांचं काय होतं ते आतून पाहिलंय. पैसे देऊन मोकळं होण्याआधी ते तुमच्या कानावर घालावं असं वाटलं.

सुरुवात आपल्या शाळेपासूनच करतो. नववीत गणिताच्या सरांनी आपल्याला झेंड्याच्या खांबाची उंची काढायला लावली होती, आठवतंय? भूगोलाच्या खोलीतली लाकडी मीटरपट्टी उभी धरायची, तिची सावली मोजायची, खांबाची सावली मोजायची, समरूप त्रिकोण मांडायचे. पट्टीची सावली ८० सेंटिमीटर, खांबाची ६ मीटर. उत्तर आलं साडेसात मीटर. मग सरांनी शिपाईमामांना सांगून खांबाच्या टोकापासून जमिनीपर्यंत दोरी सोडायला लावली. ती भरली आठ मीटर. अर्धा मीटर गेला कुठे? आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. सर काहीही बोलले नाहीत, वर्गाकडे चालू लागले. मधल्या सुट्टीत कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला, की आपण सावली कट्ट्याच्या कडेपासून मोजली, खांबाच्या बुडापासून नाही. कट्ट्यातले चाळीस सेंटिमीटर राहिले होते.

त्याला तेव्हा प्रकल्प म्हणत नव्हते. काहीच म्हणत नव्हते. सरांचा तास होता, एवढंच.

आता प्रकल्प हा शब्द शाळेत सगळीकडे आहे. शिक्षण हक्क कायद्यानंतर, २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने, आपल्याकडे पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात आकारिक मूल्यमापनाची आठ साधनं आहेत: दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी वगैरे. कागदावर उत्तम. पण त्या 'प्रकल्प' नावाच्या रकान्यात गुण भरायचे म्हणजे काहीतरी जमा व्हायला हवं. मग काय जमा होतं? तुमच्यापैकी ज्यांची मुलं शाळेत गेली त्यांना सांगायला नको. रविवारी रात्री नऊ वाजता पोरगं सांगतं, उद्या प्रकल्प द्यायचाय. बाप स्टेशनरीच्या दुकानात पळतो, चित्रांचा तयार तक्ता आणतो, आई कापते, आजी चिकटवते, पोरगं झोपतं. सोमवारी बाईंच्या टेबलावर साठ 'पाण्याचे महत्त्व' येऊन पडतात. मीही असे गठ्ठे तपासलेत. तपासलेत म्हणजे सह्या केल्यात.

तेव्हा 'आमच्या शाळेत प्रकल्प होतात' असं कुणी सांगितलं, तर लगेच भारावून जाऊ नका.

दुसरा शब्द अध्ययन निष्पत्ती. तुमच्यातले बरेच जण शिक्षणाच्या बाहेरचे आहेत म्हणून सांगतो. २०१७ साली एनसीईआरटीने प्रत्येक इयत्तेच्या प्रत्येक विषयासाठी, मुलाला वर्षाअखेर काय यायला हवं, याची यादी काढली. आपल्या राज्यानेही ती घेतली. बालभारतीच्या पुस्तकात सुरुवातीला ती छापलेली असते, प्रत्येक वाक्याला क्रमांक असतो. आठवीच्या गणितात, उदाहरणार्थ, इष्टिकाचिती आणि वृत्तचिती आकाराच्या वस्तूंचं पृष्ठफळ व घनफळ काढता येणं. चाचण्या याच निष्पत्तींवर होतात. १२ नोव्हेंबर २०२१ ला राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण झालं, देशभर एकाच दिवशी, तेही यावरच. राज्याची नियतकालिक चाचणी, जिला आम्ही पॅट म्हणतो, तीही यावरच.

आमच्या शिक्षकवर्गात या निष्पत्तींबद्दल दोन टोकं आहेत. काही जण म्हणतात, या याद्यांनी शिक्षणाचा जीव घेतला. काही जण रोज टाचणात क्रमांक लिहितात आणि पूर्वी शिकवत होते तेच शिकवतात. माझं मत विचाराल तर निष्पत्ती वाईट नाहीत. ती यादी नसती तर काय राहून गेलं हे मला कळलं नसतं. ते कसं कळलं, तेच आज सांगायचंय.

२०१६ चा उन्हाळा. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं तो उन्हाळा. आमच्या गावात टँकर येत होता. जूनमध्ये शाळा भरली, आठवीचा वर्ग, एकतीस मुलं. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "टँकरमध्ये दहा हजार लिटर पाणी असतं. आपल्या शाळेच्या पत्र्यावर किती पाऊस पडला म्हणजे एक टँकर भरेल?"

मुलांनी अंदाज सांगितले. कुणी म्हणालं पूर्ण पावसाळा लागेल. कुणी म्हणालं दोन पावसाळे. टँकर ही त्यांच्या लेखी एवढी मोठी वस्तू होती की आकाशातून तेवढं पाणी आपल्या डोक्यावर पडतं, हे कुणाला खरं वाटत नव्हतं.

मग मोजायला लागलो. इमारत तीस मीटर लांब, आठ मीटर रुंद. पत्रा उतरता आहे, तेव्हा मापायचं कसं यावर दोन दिवस वाद. पत्र्याच्या उतारावरून टेप लावायचा की खाली जमिनीवर? एकाने छत्री आणली. छत्री उघडी असताना पाऊस अडवते तो तिच्या सावलीएवढा, कापडाएवढा नाही, हे त्या छत्रीने सोडवलं. २४० चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. हे पुस्तकात नुसतं वाचून कळत नाही, एकदा ट्रेमध्ये ओतून बघावं लागतं. म्हणजे टँकरला लागतो ४२ मिलिमीटरच्या आसपास पाऊस. दोन पावसाळे नाहीत, एक-दोन चांगल्या सरी.

आता पाऊस मोजायचा. प्लॅस्टिकच्या बाटल्यांचे पर्जन्यमापक केले. बाटलीचा तळ ओबडधोबड असतो म्हणून आधी थोडं पाणी घालून सपाट शून्य करून घेतलं, पट्टी चिकटवली, वर नरसाळं बसवलं. पहिला मोठा पाऊस पडला. बाटलीत ८१ मिलिमीटर. मुलं नाचायला लागली, दोन टँकर! कृषी सहायकांना फोन केला, महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर ३८. एवढा फरक?

इथे सांगतो, मला कारण लगेच कळलं होतं. नरसाळं बाटलीपेक्षा मोठं होतं. पण मला आपले सर आठवले, आणि मी गप्प बसलो. मास्तराला गप्प बसणं शिकायला फार वर्षं लागतात.

तिसऱ्या दिवशी मुलं नरसाळ्यापर्यंत पोचली. नरसाळ्याचा व्यास १२ सेंटिमीटर, बाटलीचा ८. दीडपट. मग ८१ ला दीडने भागलं, ५४ आले. तरी जुळेना. "मंडळाचं मशीन बिघडलंय," असा निष्कर्ष एका गटाने लिहूनही काढला. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, पाणी व्यासातून पडत नाही, आख्ख्या वर्तुळातून पडतं." तिने क्षेत्रफळं काढली. दीडचा वर्ग, सव्वादोन. ८१ भागिले सव्वादोन, ३६. मंडळाचा ३८, आमचा ३६. दोन-चार किलोमीटरमध्ये एवढा फरक पडायचाच. त्या दिवशी मला वर्गात काहीही शिकवावं लागलं नाही.

पावसाळाभर मोजलं. त्या नोंदी ठेवायला एक मुलगा होता. मेंढपाळाच्या घरातला. पावसाळा संपला की आई-बाप मेंढरं घेऊन बाहेर पडायचे, हा आजीजवळ राहायचा. रोज सकाळी साडेआठला शाळेत हजर. रविवारीसुद्धा. बाटली बघायची, आकडा सांगायचा, बाटली रिकामी करून परत शून्याला आणायची. एकदाही चुकला नाही. आकडे माझ्या फोनवरच्या स्प्रेडशीटमध्ये भरले जायचे. सूत्र एकदाच घातलेलं, भागिले सव्वादोन, गुणिले २४०. लगेच लिटर यायचे, आलेख यायचा. सप्टेंबरअखेर बेरीज झाली ४१२ मिलिमीटर. म्हणजे ९८,८८० लिटर. जवळजवळ दहा टँकर पाणी शाळेच्या पत्र्यावरून वाहून गेलं होतं, गावात टँकर येत असताना.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मुलांनी हे मांडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, सरपंचांनी पुढच्या वर्षी पन्हळी आणि पाच हजार लिटरची टाकी बसवून दिली. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात नंबर आला. पेपरात फोटो छापून आला. फोटोत मधोमध तो मुलगा, हातात बाटली. तो फोटो आमच्या कार्यालयात अजून लावलेला आहे.

ती मुलं मार्च २०१९ मध्ये दहावीला बसली. त्या वर्षी नवा अभ्यासक्रम होता, भाषा आणि समाजशास्त्राचे तोंडी-अंतर्गत गुण काढून टाकले होते, आणि राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. आदल्या वर्षी तो ८९.४१ होता. मोठा गदारोळ झाला, ते गुण पुढच्या वर्षी परतही आले. पण गणिताला अंतर्गत गुण त्याही वर्षी होतेच, तेव्हा मला त्या कारणाच्या आड लपता येणार नव्हतं. तो मुलगा गणितात नापास झाला. लेखीत ८० पैकी ९.

मी त्याच्या घरी गेलो. आजी चहा करत होती. मी म्हटलं, "अरे, तू तर पावसाळाभर हिशेब ठेवलास, तुला घनफळ आलं नाही? क्षेत्रफळ आलं नाही?"

तो म्हणाला, "सर, पाणी मी मोजलं. गणित फोननं केलं."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. विचारलं म्हणून सांगितलं, एवढंच. मी चहा कसा प्यायलो ते मला आठवत नाही.

नंतर मी जुन्या वह्या काढून बसलो. एकतीस मुलांपैकी वर्तुळाचं क्षेत्रफळ स्वतःच्या हाताने किती जणांनी काढलं होतं? वह्यांत सापडली सात. बाकी चोवीस जणांकडे ती मुलगी, किंवा फोन, किंवा मी होतो. प्रकल्प सगळ्यांचा होता, शिकणं सात जणांचं. आणि हे मला तीन वर्षं कळलं नाही, कारण फोटो फार चांगला आला होता.

याहून टोचणारी गोष्ट पुढची. मी त्याला विचारलं, नरसाळं दुप्पट रुंद घेतलं तर बाटलीत पाणी किती येईल? क्षणात म्हणाला, "चौपट." का? "मी घालून बघितलंय की. मोठं नरसाळं होतं ना आपल्याकडं." म्हणजे त्याला ते येत होतं. हाताला येत होतं. ते कागदावर कसं उतरवायचं हे त्याला कुणी करायलाच लावलं नव्हतं. त्याच्याकडून बाटली धरून घेतली, कारण तो ती छान धरायचा.

आणि मग मला आपल्या सरांचा दुसरा दिवस आठवला. खांबाची गोष्ट आपण सगळे सांगतो, दुसरा दिवस कुणी सांगत नाही, कारण तो कंटाळवाणा होता. दुसऱ्या दिवशी सरांनी प्रत्येकाला वेगळी वस्तू दिली होती. कुणाला आंब्याचं झाड, कुणाला पाण्याची टाकी, मला हापशाचा दांडा. एकट्याने सावली मोजायची, एकट्याने वहीत त्रिकोण काढायचा, सर एकेकाची वही बघणार. साठ वह्या. आपण वैतागलो होतो. (सर, तुम्ही हसताय, पण मला हे समजायला तीस वर्षं लागली.)

त्या जूनमध्ये तो मुलगा रोज सकाळी माझ्याकडे आला. जुलैच्या फेरपरीक्षेत सुटला. पस्तीसच्या थोडे वर. मग आयटीआयला गेला.

त्यानंतर मी पाऊस मोजणं बंद केलं नाही, पण रीत बदलली. आधी निष्पत्ती निवडतो, दोन किंवा तीनच. या प्रकल्पातून प्रत्येकाला काय आलंच पाहिजे ते मराठीत, मुलांना कळेल अशा वाक्यात, भिंतीवर लिहितो. मग त्या निष्पत्तीतून जावंच लागेल असा प्रश्न शोधतो. पूर्वी मी उलटं करायचो. छान प्रकल्प सुचायचा, तो करून झाल्यावर नोंदवहीत शोभतील ते क्रमांक चिकटवायचो. हे चिकटवणं आणि आजीचं तक्त्यावर चित्र चिकटवणं, यात फारसा फरक नाही.

गट असतात, पण आठवड्याने कामं फिरतात. बाटली धरणारा पुढच्या आठवड्यात हिशेब करतो. ज्याची वाचा जात नाही त्याला ग्रामसभेत एक वाक्य तरी बोलावं लागतं. आणि दर शुक्रवारी शेवटची दहा मिनिटं चिठ्ठी. एक प्रश्न, प्रत्येकाचे आकडे वेगळे, शेजारी विचारायचं नाही, फोन नाही. त्या चिठ्ठ्यांना गुण नसतात. रात्री मी त्यांचे तीन ढीग करतो: येतं, अडखळतं, येत नाही. सोमवारचा तास त्या ढिगांवरून ठरतो. माझ्या सगळ्या सुधारणेत खरं काम या चिठ्ठ्यांनी केलंय, आणि त्यांना लागतात पाठकोरे कागद.

फोन तिसऱ्या आठवड्यात येतो. आधी पंधरा दिवस हिशेब हाताने. हात दुखले, कंटाळा आला, की मुलंच विचारतात, "सर, याला काही सोपं नाही का?" तेव्हा स्प्रेडशीट उघडायची, आणि सूत्र मुलांनी सांगायचं. ज्याला सूत्र सांगता येतं त्याच्यासाठी फोन नोकर असतो. बाकीच्यांचा तो मालक होऊन बसतो.

वेळेचं काय, असं बाई मघाशी चहाच्या वेळी विचारत होत्या. बरोबर विचारत होत्या. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिका, अभ्यासक्रम संपवायचा, वर चाचण्या. माझ्या नियोजनातल्या आठ तासिकांच्या जागी अकरा जातात. त्या तीन कुठून आणायच्या? मी मराठीच्या बाईंच्या पाया पडलो. उपयोजित लेखनात पत्र आणि बातमी त्यांना शिकवायचीच असते. मुलांनी टाकीसाठी विनंतीपत्र त्यांच्या तासाला लिहिलं, बातमीही खरीच लिहिली. पर्जन्यछायेचा भाग भूगोलाच्या सरांनी घेतला. दोघांनी मदत केली म्हणून जमलं. ज्या शाळेत शिक्षक एकमेकांशी बोलत नाहीत तिथे हे जमणार नाही, हे आधीच सांगतो.

आणि सगळं प्रकल्पाने येतं असंही नाही. बैजिक राशींचे अवयव पाडायला मी कोणताही प्रकल्प करत नाही. पाढे पाठच करावे लागतात. वर्षाला दोन प्रकल्प, फार तर तीन. उरलेल्या वेळात खडू, फळा, सराव. आमच्या चाचण्यांचे निकाल आकाशाला भिडले असंही समजू नका. पहिल्या वर्षी थोडे खालीच गेले. नंतर सावरले. बदल दिसतो तो शाब्दिक उदाहरणांत. पूर्वी मुलं ती सोडूनच द्यायची, आता निदान हात घालतात.

हे काही मी शोधलेलं नाही. किलपॅट्रिक नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने प्रकल्प पद्धतीवर १९१८ मध्येच लिहून ठेवलंय, आमच्या बी.एड.ला ते परीक्षेपुरतं होतं. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत हाताच्या कामातून शिक्षणाची मांडणी केली, ती नयी तालीम. पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. पण मला सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो तो मध्य प्रदेशातला होशंगाबादचा विज्ञान शिक्षण कार्यक्रम. १९७२ मध्ये सोळा शाळांत सुरू झाला. मुलं प्रयोग करून विज्ञान शिकायची, आणि त्यांनी परीक्षाही बदलली. परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा होती, प्रयोगाची परीक्षा वेगळी. शिकवायचं एका रीतीने आणि तपासायचं दुसऱ्या, असं त्यांनी केलं नाही. तीस वर्षं चालून तो २००२ मध्ये सरकारने बंद केला. परीक्षा बदलणं माझ्या हातात नाही. मंडळाची प्रश्नपत्रिका येईल तशी येणार, आणि मुलाला त्या कागदापर्यंत नेऊन सोडणं माझंच काम आहे. २०२० च्या धोरणात अनुभवातून शिकण्याबद्दल बरंच आहे, सहावी ते आठवीला दहा दिवस बिनदप्तराचेही आहेत. बघू.

आता फळ्याकडे येतो. आमच्या शाळेत लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आला होता. उद्घाटनाला नारळ फुटला. चोरीला जाऊ नये म्हणून तो लोखंडी कपाटात ठेवला, किल्ली कार्यालयात. तास सुरू झाल्यावर किल्ली मागायची, वायर शोधायची, लाईट असेल तर लावायचा, तोवर पंधरा मिनिटं जायची. दुसऱ्या वर्षी दिवा गेला. नवा आणायला पैसे नव्हते, कारण वर्गणी वस्तूची असते, दुरुस्तीची वर्गणी कुणी काढत नाही. तो अजून कपाटात आहे.

चांगला वापर मी पाहिलाच नाही असं नाही. जिओजेब्रावर वर्तुळाची त्रिज्या ओढत नेली की क्षेत्रफळ कसं भराभर वाढतं ते मुलांना डोळ्यांनी दिसतं, ते खडूने दाखवता येत नाही. पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपवर उघडतो, गैरहजर राहिलेल्या मुलाला त्याचा उपयोग होतो. पण बहुतेक ठिकाणी फळ्यावर व्हिडिओ लागतो आणि वर्ग टीव्ही बघतो. त्यात एआयने नवी गंमत केलीय. गेल्या वर्षी एका मुलाने जलसंधारणावर असा अहवाल आणून दिला की मला स्वतःला तसं मराठी लिहिता आलं नसतं. मी विचारलं, मंगळवारी आपल्या पत्र्यावर किती पाऊस पडला? ते त्यात नव्हतं. ते कुणाच्याच यंत्रात नसतं, साडेआठला बाटलीपाशी जाऊन बघावं लागतं. म्हणून आता माझे सगळे प्रश्न आमच्या हद्दीतले असतात.

तर माझं म्हणणं असं. फळा द्या, पण त्याबरोबर इन्व्हर्टर आणि पाच वर्षांच्या दुरुस्तीचे पैसे बाजूला ठेवा, त्यासाठी एक नंबर लहान फळा घेतला तरी चालेल. किल्ली वर्गात राहील असं मुख्याध्यापकांकडून वदवून घ्या. आणि थोडे पैसे एका कपाटासाठी ठेवा, ज्यात मोजायच्या वस्तू असतील. आठ-दहा मीटर टेप, चार वजनकाटे, तापमापक, स्टॉपवॉच, मोजपात्रं, एक खराखुरा पर्जन्यमापक. शाळेची जुनी मीटरपट्टी आता नाही, मी काल भूगोलाच्या खोलीत बघून आलो.

पैशांपेक्षा महाग एक गोष्ट मागतो. आपल्यात दूध संकलन केंद्र चालवणारे आहेत. फॅटवरून दुधाचा दर कसा निघतो, हा सातवीच्या शेकडेवारीचा अख्खा धडा आहे. स्लॅबला सिमेंट किती लागेल हे रोज काढणारे दोघे इथे बसलेत. आपली एक मैत्रीण तीस वर्षं सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. काल ती सांगत होती, पाचशे मिलीची बाटली चार तासांत संपवायची, नळी मिलीला वीस थेंबांची, तर मिनिटाला किती थेंब? तिने तोंडी सांगितलं, बेचाळीस. (आमच्या टँकरचंही उत्तर बेचाळीसच होतं, हा निव्वळ योगायोग.) तिने एक दिवस आठवीच्या वर्गात येऊन हा हिशेब चुकला तर काय होतं ते सांगितलं, तर मी महिनाभर गुणोत्तर शिकवून जे होणार नाही ते होईल. प्रत्येकाने आपल्या कामातला एक खरा प्रश्न आणि वर्षातली चाळीस मिनिटं द्यायची. आपल्या ग्रुपवर मी रात्री यादी टाकलीय. आत्तापर्यंत नऊ नावं आलीत, बाकीचे गुड मॉर्निंग पाठवताय.

तो मुलगा आता सोलर पंप बसवतो. दर जूनमध्ये त्याचा फोन येतो, "सर, बाटली लावली का?" यंदा मी त्याला वर्गात बोलावलं होतं. तो मुलांना म्हणाला, आकडा मला सांगू नका, आधी वहीत लिहा.

माझी वीस मिनिटं झाली, संयोजक घड्याळ दाखवताहेत. एक राहिलं. झेंड्याचा जुना खांब गेला, नवा स्टीलचा आहे, कट्टा मात्र तोच आहे. नव्या खांबाची उंची किती, हे मी सकाळी मुख्याध्यापकांना विचारलं. त्यांना माहीत नाही. बाहेर ऊन पडलंय. टेप माझ्या पिशवीत आहे. सर, चहा यायला अजून वेळ आहे, तुम्ही कट्ट्याजवळ खुर्चीवर बसा, आम्ही मोजतो.